फणस कधी फोडायचा, हे फणसालाच विचारा

तुमची हकिगत वाचून आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. तुम्ही मूळचे लातूरचे, आता पुण्यात. गेल्या वर्षी हौसेनं अकरा किलोचा फणस आणलात, तीन दिवस बाल्कनीत ठेवलात आणि रविवारी पाहुणे बोलावून कापलात. एक बाजू काळपट नि आंबूस निघाली, दुसरी कच्ची. सुरी चिकानं बरबटली, फरशीवर डाग पडले आणि घरातून हुकूम निघाला की पुन्हा फणस दारात आणायचा नाही. आता सोसायटीतल्या बायकांनी वटपौर्णिमेला फणसाचा कार्यक्रम ठरवलाय, चाळीस माणसं येणार, आणि ‘तुम्हाला अनुभव आहे’ म्हणून काम तुमच्याच गळ्यात पडलंय. तुम्ही चार गोष्टी विचारल्यात: कोणता फणस घ्यायचा, किती घ्यायचे, कापायचा कसा, आणि कोकणात फणसाचा उत्सव कुठे होतो म्हणजे एकदा बघून येता येईल.

मी कुडाळच्या बाजूची. सासरच्या आवारात नि डोंगरात मिळून फणसाची चौदा झाडं आहेत आणि गेली सव्वीस वर्षं मी फणसपोळी, तळलेले गरे नि आठळ्या (फणसाच्या बिया) विकते. त्यामुळे फणस नासवायचे जेवढे मार्ग आहेत, ते सगळे माझे चालून झालेत. म्हणून उत्तर जरा लांबेल.

तुम्ही विचारलंय कापायचं कसं, पण गोची कापण्यात झालेली नाही. तुम्ही दिवस आधी ठरवलात आणि फणस त्या दिवसात बसवायला गेलात. आंब्याची पेटी चार दिवस मागेपुढे झाली तरी चालते, रोज दोन-चार आंबे पिकत राहतात. फणस एकदम पिकतो. आज घट्ट असतो, उद्या वास सुटतो, परवा खायचा, आणि तेरवा शेजाऱ्यांना हाका मारायची वेळ येते. आमच्याकडे फणसाची तिथी कोणी काढत नाही. पडवीत वास सुटला की त्या संध्याकाळी फणस फोडायचा, आणि जो त्या वेळी घरात असेल तो पाहुणा. पोस्टमन असला तर पोस्टमन.

तुमच्या कार्यक्रमाची तारीख मात्र ठरलेली आहे, ती काही हलणार नाही. तेव्हा अशा वेळी काय करायचं ते सांगते. पण त्याआधी फणस ओळखायला हवा.

फणस दोन जातीचे, कापा आणि बरका. कापा म्हणजे घट्ट गऱ्याचा, चावून खायचा, कुरकुरीत म्हटलं तरी चालेल असा. बरका म्हणजे लिबलिबीत, रसाळ; गरा तोंडात टाकला की घशाखाली उतरतो, आठळी तेवढी हातात उरते. नावातच रीत सांगितली आहे: कापा कापायचा. बरक्याला सुरी लावायचीच नाही, तो नीट पिकला की हातानं उकलतो. गोव्यात बरक्याला रसाळ म्हणतात. गंमत म्हणजे केरळात घट्ट गऱ्याच्या फणसाला ‘वरिक्का’ म्हणतात. कानाला आपला बरकाच, पण माल नेमका उलटा. माझी एक गिऱ्हाईक लग्न होऊन कोचीला गेली, तिनं बरका समजून वरिक्का आणला आणि सांदणांसाठी, म्हणजे फणसाच्या रसाच्या गोड इडल्यांसाठी, दिवसभर चाळणीवर घासत बसली.

पहिल्यांदा खाणाऱ्यांना बरका देऊ नका. बुळबुळीत लागला म्हणून ज्यांनी फणस कायमचा सोडला, त्यांतल्या बहुतेकांची सुरुवात बरक्यानं झालेली असते. माझं स्वतःचं मन बरक्यावर आहे, पण ती चव लहानपणापासूनची. लातूर-नगरच्या माणसांसमोर कापाच ठेवा.

बाहेरून कापा नि बरका ओळखायचा कसा, असं गिऱ्हाइकं नेहमी विचारतात. खरं उत्तर असं की झाड माहीत असलं तर ओळखता येतो. फणस बहुतेक आठळीपासून वाढलेला असतो आणि आईचा गुण मुलात उतरेलच असं नाही. गोड कापा फणसाची आठळी लावावी आणि आठ-दहा वर्षांनी त्याला फिक्का बरका लागावा, हे आमच्याकडे झालंय. म्हणून तर जुन्या लोकांनी प्रत्येक झाडाला नाव दिलं. आमच्याकडे विहिरीकडचा, खळ्यातला, साखऱ्या आणि मुका अशी झाडं आहेत. मुका म्हणजे ज्याला पिकला तरी वास सुटत नाही तो. खात्रीचं झाड हवं असेल तर कलम लावावं लागतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं ‘कोकण प्रॉलिफिक’ नावाची कापा जात काढली आहे, तिची कलमं मिळतात. बाजारात मात्र विकणाऱ्याच्या शब्दावर जायचं. पिकत आलेला फणस दाबून थोडा अंदाज येतो: बरका अंगठ्याखाली सगळीकडून दबतो, कापा पिकला तरी ताठर राहतो. कच्च्या फळावर हा उपाय चालत नाही.

आता तुमचा अकरा किलोचा फणस. अर्धा नासका नि अर्धा कच्चा हे लक्षण मी शंभरदा पाहिलंय. तो फणस झाडावरून पडलेला किंवा पाडलेला असणार, नाहीतर टेम्पोत आपटलेला. मार बसलेली बाजू आतून काळी पडून आंबते, बाहेरून काट्यांमुळे काही दिसत नाही. त्या आंबण्याचा वास सुटतो आणि आपल्याला वाटतं पिकला. बाकीचं फळ तेव्हा कच्चंच असतं. आम्ही विकायचा फणस कधी खाली टाकत नाही. गडी वर चढतो, देठाला दोर बांधतो, दोर फांदीवरून घेऊन दुसरा माणूस खाली धरतो, मग देठ कापून तान्ह्या बाळासारखा फणस खाली उतरवतो. मजुरी जास्त पडते, म्हणून सगळे असं करत नाहीत.

आणखीही एक शक्यता आहे. तुमचा फणस जून, म्हणजे पुरता भरलेला, झालाच नसेल. कोवळा काढलेला फणस कितीही ठेवला तरी पिकत नाही, नुसता मऊ पडून सडतो. जून झालेला फणस असा ओळखा: काटे एकमेकांपासून लांब गेलेले, टोकं बोथटलेली, बुंध्याशी पसरट. कोवळ्याचे काटे दाट नि टोकदार असतात, हाताला चांगले टोचतात. बोटांनी ठोकून पाहा. कोवळा घट्ट, भरीव वाजतो; तयार फणस ढबढब वाजतो. देठाजवळचं पान पिवळं पडलेलं असेल तर उत्तमच, पण बाजारात येईपर्यंत ते पान कुणी ठेवत नाही. फळ फिरवून बघा. एका बाजूला खोलगट दबका दिसला किंवा कुठे ओलसर डाग असला तर कितीही स्वस्त असू दे, सोडा.

जून फणस घरी आणल्यावर पिकायला किती दिवस लागतील? तीनही लागतात, आठही लागतात. मे महिन्यातल्या कुडाळच्या उकाड्यात आणि जूनच्या पुण्यातल्या गार हवेत फरक पडणारच. फरशीवर थेट ठेवू नका, गोणपाटावर ठेवा. फ्रिजमध्ये अख्खा फणस घालू नका (एका गिऱ्हाइकानं कप्पे काढून घातला होता; फणस पिकला नाही तो नाहीच, दुधाला मात्र वास लागला). रोज सकाळी देठापाशी वास घ्या. वास सुटल्यावर कापा दुसऱ्या दिवशी, बरका त्याच दिवशी.

आता वटपौर्णिमेचं. ही पौर्णिमा ज्येष्ठातली, म्हणून इंग्रजी तारखेला ती पुढेमागे सरकते, आणि फणसाच्या दृष्टीनं हा फरक मोठा आहे. २०२३ साली ती ३ जूनला आली होती, २०२४ ला २१ जूनला, २०२५ ला १० जूनला. २०२६ साली तर ज्येष्ठच अधिक, म्हणून पार २९ जूनला. आमच्याकडे मृग लागला, म्हणजे जूनचा पहिला आठवडा सरला, की फणसाला पाणी चढतं असं म्हणतात, आणि ते खरं आहे. चार मोठे पाऊस झाले की तोच साखऱ्या फणस पाणचट लागतो, गऱ्यांना तडे जातात, फळ झाडावरच कुजायला लागतं. त्यामुळे वटपौर्णिमा ३ जूनला असेल तर बिनधास्त कार्यक्रम करा. जूनच्या शेवटी असेल तर उशिरा येणाऱ्या झाडाचा फणस सांगून ठेवावा लागेल, नाहीतर वाणापुरते गरे विकत आणून खाण्याचा मोठा कार्यक्रम मे महिन्यातल्या एखाद्या रविवारी उरकून घ्यावा. मी तुमच्या जागी असते तर हेच केलं असतं.

वाण कसलं ते सोसायटीत सगळ्यांना ठाऊक असेलच असं नाही. आमच्याकडे वडाची पूजा झाली की बायका एकमेकींना वाण देतात. त्यात फळं असतात ती त्या दिवसांत रानात नि परसात मिळणारी: आंबा, फणसाचे गरे, जांभळं, करवंदं, आणि सोबत केळं. हे सगळं फणसाच्या पानावर ठेवून द्यायचं. पान जाड, गुळगुळीत, रस गळला तरी भिजत नाही. सफरचंद-डाळिंबाची वाणंही हल्ली दिसतात, माझी त्याला हरकत नाही, पण त्या दिवसाची ओळख वासात आहे. वडाखाली पन्नास पानांवर गरे मांडलेले असतात, त्यावर माश्या घोंगावतात, आणि तीन दिवसांचा उपास असलेली माझी आजेसासू त्या गऱ्यांकडे कशी बघायची ते मी विसरणार नाही. उपास सोडताना ती पहिला गरा खायची आणि म्हणायची, नवरा सात जन्म मिळो न मिळो, झाड हेच मिळूदे.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्याचं उत्तर इथेच येतं. कोकणात फणसाचा असा मोठा, मंडपाचा, बॅनरचा उत्सव पाहायला निघालात तर निराश व्हाल. आंब्याची महोत्सवं गावोगाव होतात. फणसाला आपण कायम धाकट्या भावासारखं वागवलं. केरळानं मात्र २०१८ साली त्याला राज्यफळ केलं, आणि इंग्रजीत जे नाव रूढ झालं तेही मल्याळी ‘चक्का’वरून, पोर्तुगिजांच्या तोंडून गेलेलं. आपल्या जवळ म्हणाल तर पणजीत मे महिन्यात कोकण फ्रूट फेस्ट भरतो, बॉटनिकल सोसायटी ऑफ गोवा भरवते. तिथे एका जागी इतक्या जातींचा फळफळावळ बघायला मिळतो की दिवस कमी पडतो. जाण्याआधी त्या वर्षीच्या तारखा बघून घ्या.

आणि २४ जूनला गोव्यात सांजांव असतो, संत जॉन बाप्तिस्ताचा सण. डोक्यावर पानाफुलांचे कोपेल, म्हणजे मुकुट, घालून तरणी मुलं विहिरीत, ओढ्यात उड्या घेतात. शिवोली गावात नावा सजवून आणतात. फणस त्यात कुठे? त्या वर्षी लग्न झालेल्या जावयाचा मान असतो, सासुरवाडीकडून त्याला फळांची दाली जाते. दाली म्हणजे टोपली. तिच्यात पणस (फणसाला तिकडे पणस म्हणतात) असतो, आंबे असतात, अननस असतो. कधी कोपेलातसुद्धा छोटी फळं अडकवलेली दिसतात. बायकांनी वडाखाली गरे वाटायचे आणि थोड्या दिवसांच्या अंतरानं, नद्यांपलीकडे, सासूनं जावयाला पणस पाठवायचा. देव वेगळे, पण हंगामाचा शेवट तोच आणि घरात शिल्लक राहिलेलं फळही तेच.

पण खरा उत्सव बघायचा असेल तर मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात कुणाच्या तरी घरी या. चाकरमानी आलेले असतात, घरात वीसेक माणसं. दुपारी झोपा झाल्या की कुणीतरी म्हणतं, ‘अरे, तो वास कसलो?’ मग विळी येते, गोणपाट येतं, तेलाची वाटी येते. फोडायला एकजण बसतो, आणि तो माणूस ठरलेला असतो, आमच्याकडे मोठे दीर. बाकीचे गोल करून बसतात. पहिला गरा देवाला, दुसरा फोडणाऱ्याला, पुढे काही हिशेब नसतो. मुलं चीक काडीवर गुंडाळत बसतात. आठळ्या मोजून कुणी किती खाल्ले यावर भांडणं होतात. चारखंडं, म्हणजे काट्यांची सालं, गोठ्यात जातात, आणि गाय ती मिटक्या मारत खाते. पूर्वी परत जाताना प्रत्येकाच्या एसटीच्या टपावर एक फणस असायचा. आता रेल्वेच्या बर्थखाली असतो आणि पनवेल येईपर्यंत अख्ख्या डब्याला कळलेलं असतं.

तर तुमचा कार्यक्रम. इथे माझी एक फजिती सांगते. बारा-तेरा वर्षांपूर्वी मुंबईच्या एका मंडळाची मागणी आली, अमुक रविवारी ‘फणस पार्टी’, दहा फणस पाठवा. मी जोशात एकाच दिवशी उतरवलेले, एकाच झाडाचे, एकसारखे दहा पाठवले. नीटनेटकं काम. ते सगळे शुक्रवारी पिकले. रविवारपर्यंत निम्म्यांना आंबूस वास आला होता. पैसे परत दिले नि दोन दिवस फोन घेतला नाही. तेव्हापासून ठरलेल्या तारखेसाठी मी कधीही एका वयाचे फणस देत नाही. एक पिकायला टेकलेला, एक मधला, एक जरा मागे असलेला. त्यातला एखादा त्या दिवशी बरोबर येतोच. जो आधी पिकेल त्याचे गरे काढून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवायचे, चार-पाच दिवस चांगले राहतात. जो मागे राहील तो नंतर घरात खायचा, नाहीतर कच्चाच असेल तर त्याची भाजी.

चाळीस माणसांना किती? फळाच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा गरे निघतात असा माझा ठोकताळा. बाकी साल, मधला दांडा, गऱ्यांमधल्या पातळ पट्ट्या आणि आठळ्या. माणशी दोनशे ग्रॅम गरे धरा, पुष्कळ झाले. म्हणजे आठ किलो गरे, म्हणजे पंचवीसेक किलो फणस. आठ-नऊ किलोचे तीन कापे घ्या, आणि चौथा जादा. त्याहून मोठ्या फळाच्या मोहात पडू नका. गिनीज बुकात ४२.७२ किलोच्या फणसाची नोंद आहे, २०१६ सालची आणि तीही तुमच्या पुण्यातलीच, पण तसला फणस फोटो काढायला बरा. लिफ्टमधून न्यायला नि एका बैठकीत फोडायला आठ किलोचा हाताला येतो.

फोडण्याची जागा खाली, पार्किंगमध्ये किंवा गच्चीत ठेवा, घरात नको. खाली जुनी गोणपाटं, वर वर्तमानपत्रं. हाताला, सुरीला, विळीच्या पात्याला खोबरेल तेल चोळा, आणि हे फणसाला हात लावायच्या आधी. चीक लागल्यावर पाण्यानं धुवायला गेलात तर तो आणखी पसरतो, तुमच्या फरशीचं तेच झालं असणार. चीक तेलानंच सुटतो: आधी तेल चोळून पुसायचं, मग साबण. कपड्यावर पडला तर तो कपडा पुढच्या वर्षीच्या फणसासाठी राखून ठेवायचा.

कापा फणस आडवा दोन भागांत कापा. कापल्या कापल्या पांढरा चीक मधल्या दांड्याभोवती उमटतो, तो कागदाच्या बोळ्यानं टिपून घ्या. मग प्रत्येक भागाचे उभे दोन-दोन तुकडे करा आणि मधला दांडा सुरीनं कापून काढा. इथेच निम्मं काम होतं, कारण बहुतेक चीक त्या दांड्यात असतो. आता तुकडा दोन्ही हातांनी सालीकडून मागे वाकवला की गरे उमलून वर येतात. एकेक ओढून काढायचा, आठळी बाजूला, आठळीवरचं पातळ आवरण बाजूला. सोसायटीत एकानं कापायचं, तिघा-चौघांनी गरे सोडवायचे असं बसवा. गरे सोडवणारे खातात जास्त, ते गृहीत धरा. मुलांना हे काम जरूर द्या, हात तेलकट करायची परवानगी मिळाली की ती मोबाइल विसरतात.

गार गरे कुणाला आवडत असतील तर अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. बर्फाचं पाणी ओतू नका, चव जाते.

मधुमेह असलेल्यांनी दोन-चार गऱ्यांवर थांबावं आणि पथ्य आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. रबरी हातमोज्यांची ॲलर्जी असलेल्यांनाही कधी फणस बाधतो, तेव्हा आधी विचारून घ्या. फणसावर विड्याचं पान खाऊ नये असं आमच्याकडे लहानपणापासून बजावलेलं आहे. कारण मला कुणी पटेलसं सांगितलेलं नाही, पण मी खात नाही. उपाशी पोटी वीस गरे खाऊन पोट फुगलं तर दोष पानाचा नसतो, एवढं कळतं.

इतकं झाल्यावर एक बरका आणायची हिंमत करा, सांदणांसाठी. ज्याला बरक्याचा गरा नको असतो तो सांदण चार खातो. तांदूळ धुऊन वाळवून जाडसर रवा काढा, थोडा भाजून घ्या. बाजारचा इडली रवाही चालतो, माझ्या सासूबाई आता नाहीत म्हणून लिहिते. बरक्याचे गरे चाळणीवर घासून रस काढा, दोरे वर राहतात. एक वाटी रसाला एक वाटी रवा, अर्धी-पाऊण वाटी गूळ, चिमूटभर मीठ, लागेल तसं नारळाचं दूध घालून इडलीच्या पिठाएवढं सैल करा. गूळ किती हे फणसावर आहे, रस आधी चाखा. दोन तास भिजू द्या, मग इडलीपात्रात पंधरा-वीस मिनिटं वाफवा. वर साजूक तूप किंवा नारळाचं दूध. आमच्याकडे सोबत आंब्याचं लोणचंही घेतात. ऐकायला विचित्र वाटतं, खाऊन बघा. आदल्या दिवशी केली तरी सांदणं चांगली लागतात, त्यामुळे तारखेची धास्ती इथे नाही. बरका आधी पिकला तर रस काढून फ्रीजरमध्ये ठेवायचा.

फणसपोळी पुण्यात जूनमध्ये करायच्या भानगडीत पडू नका. तुपाचा हात लावलेल्या ताटात रस पसरायचा आणि सलग तीन-चार दिवस कडक ऊन मिळायला हवं. मे सरला की माझीही बंद होते. तळलेल्या गऱ्यांसाठी तर पुरता भरलेला पण पिकायला न लागलेला कापा लागतो, तो वेगळाच हिशेब.

आठळ्या मात्र फेकू नका. चाळीस माणसांच्या कार्यक्रमातून तीन किलो तरी निघतील. धुऊन सावलीत दोन दिवस वाळवा. मिठाच्या पाण्यात उकडल्या की बटाट्यासारख्या पिठूळ लागतात, आणि डाळीत, वालाच्या उसळीत, सुक्या बांगड्याच्या तिखल्यात घातल्या की काय होतं ते सांगत नाही. आमच्याकडे लाल मातीत घोळवून ठेवतात, पावसाळाभर टिकतात, आषाढात चुलीच्या निखाऱ्यात भाजतात. तुमच्याकडे चूल नसेल तर कुकरच्या दोन शिट्ट्या पुरे.

खर्चाचं नि मिळण्याचं तुमच्या भागावर अवलंबून आहे. ओळखीचा कोकणातला माणूस असेल तर त्याला एप्रिलमध्येच सांगून ठेवा: झाड कोणतं ते विचारा, दोरानं उतरवलेला हवा म्हणा, आणि वेगवेगळ्या वयाचे तीन-चार हवेत म्हणा. तो माणूस ‘बघू’ म्हणाला तर काम होईल. ‘शंभर टक्के पाठवतो’ म्हणाला तर दुसरा शोधा. ओळखीचं कुणी नसेल तर मंडईत वर सांगितल्याप्रमाणे काटे बघून, ठोकून घ्या. तेही जमणारं नसेल तर सोडवलेले गरे सरळ विकत आणा, त्यात कमीपणा नाही. फक्त गरे कडक, चकचकीत हवेत. डब्याच्या तळाशी पाणी सुटलेलं असेल तर कालचे आहेत.

आणि घरातल्या हुकमाचं म्हणाल, तर कार्यक्रमाच्या दिवशी वहिनींना विळीवर बसवू नका. त्यांना पहिला सोडवलेला गरा द्या, आठळी काढून, आणि चीक-फरशी-सुरीचं सगळं तुम्ही निस्तरा. फणस आणलात की कापायच्या आधी देठाचा नि काट्यांचा एक फोटो मला टाका, म्हणजे कुठला आधी फोडायचा ते सांगते.